रूपकुंडाची हाडं आणि राणीवरचा आळ

आज ऐकायला बसताना गोधडी जवळ घेऊन बसा, कारण आपल्याला फार थंडीच्या ठिकाणी जायचं आहे.

उत्तराखंडात चमोली नावाचा जिल्हा आहे. तिथे त्रिशूळ नावाचा बर्फाचा डोंगर आहे, सात हजार मीटरहून उंच. त्याच्या कुशीत एक लहानसं तळं आहे, त्याचं नाव रूपकुंड. आपल्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच शिखर कळसूबाईचं, १६४६ मीटर. अशा तीन कळसूबाई एकीवर एक ठेवल्या तर जेवढी उंची होईल, तेवढ्या उंचीवर हे तळं आहे. पाच हजार मीटरच्याही वर. तिथे झाड नाही, घर नाही, पेटवायला काटकी मिळत नाही. आणि तळं तरी केवढं? आडवं मोजलं तर ४० मीटर. आपल्याकडच्या शेततळ्याएवढंच म्हणा. वर्षातला बराचसा काळ ते गोठलेलं असतं. पावसाळा सरता सरता थोडे आठवडे बर्फ वितळतं, आणि मग पाण्यात, काठावर, दगडांच्या फटीत माणसांची हाडं दिसायला लागतात. एक-दोघांची नाही, शेकडो माणसांची.

१९४२ साली मधवाल नावाचे एक वनाधिकारी फिरतीवर असताना तिथे पोचले आणि त्यांनी ही हाडं पाहून वरती कळवलं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. इंग्रज सरकारला आधी धास्ती वाटली की हे चोरून आलेले जपानी सैनिक तर नव्हेत, असं सांगतात. पण हाडं फार जुनी होती. पुढे कुणी म्हणालं, जोरावरसिंगाची फौज १८४१ साली तिबेटवर गेली होती, तिच्यातली ही माणसं असतील. कुणी म्हणालं साथीचा रोग आला असेल. १९५० नंतरच्या काळात लखनौ विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार वर गेले, स्वामी प्रणवानंद गेले. तिथे चामड्याच्या वहाणा सापडल्या, बांबूच्या काठ्या सापडल्या, बांगड्या सापडल्या. आता मला सांगा, बांगड्या घालून कुठली फौज लढायला जाते?

बाहेरच्या लोकांना १९४२ साली शोध लागला, असं आपण म्हणतो. पण खालच्या गावांतल्या लोकांना ही हाडं ठाऊकच होती. ती माणसं कोण आणि मेली कशी, हे सांगणारं गाणंही त्यांच्याकडे होतं. आज मला बोलायचं आहे ते त्या गाण्याबद्दल. त्यासाठी आधी नंदादेवीची ओळख करून घेऊ, ती झाली की गाणं लगेच कळेल.

गढवालच्या लोकांसाठी नंदा ही देवी आहे आणि घरची लेकही आहे. तिचं सासर कैलासावर, महादेवाकडे. माहेर खाली, ह्या डोंगरातल्या गावांत. सासरी काय, बर्फ आणि राख. नवरा अंगाला भस्म फासून बसलेला. म्हणून लेकीला माहेरची ओढ. तिकडे लग्न झालेल्या लेकीला ध्याणी म्हणतात, आपण माहेरवाशीण म्हणतो तशी. भाद्रपदात शुद्ध अष्टमीच्या सुमाराला नंदेची पाठवणी होते. आपल्याकडे ज्येष्ठा गौरी येतात तेही साधारण ह्याच दिवसांत. आपण गौरीला माहेरी आणतो, भाजी-भाकरीचा आणि मग पुरणपोळीचा नैवेद्य करतो, आणि तिसऱ्या दिवशी निरोप देताना डोळ्यांना पदर लावतो. गढवालच्या बायका त्याच दिवसांत नंदेला सासरच्या वाटेला लावतात. काकडी, मक्याची कणसं, बांगड्या तिच्याबरोबर देतात आणि रडतात. हजार कोसांवरच्या बायका, भाषा वेगळी, पण रडण्याचं कारण एकच.

दरवर्षीची पाठवणी लहान असते. मोठी पाठवणी म्हणजे राजजात. जात म्हणजे यात्रा, आपण जत्रा म्हणतो तोच शब्द. ती बारा वर्षांनी एकदा निघते असं म्हणायचं, पण डोंगरातलं काम, कधी पाऊस, कधी भूकंप, तेव्हा हिशेब काही नेमका बसत नाही. १९८७ साली निघाली, मग २००० साली, मग २०१४ साली. नौटी गावातून निघायचं आणि पायी जायचं, सुमारे २८० किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे. पुढे चालतो चार शिंगांचा मेंढा. त्याच्या पाठीवर देवीची शिदोरी बांधलेली असते. वाण हे वाटेवरचं शेवटचं गाव. त्याच्या पुढे बुग्याल लागतात, म्हणजे उंचावरची गवताची कुरणं. मग गवतही संपतं आणि रूपकुंड येतं. त्याच्या वर एक अरुंद, निसरडी खिंड आहे, ज्यूंरागली. नावाचा अर्थच मरणाची गल्ली. ती ओलांडून होमकुंडाला गेलं की तिथे मेंढ्याला एकट्याला सोडतात. तो वर बर्फाकडे निघून जातो आणि माणसं माघारी फिरतात.

रूपकुंडाच्या नावाचीही गोष्ट आहे. सासरी जाताना नंदेला तहान लागली. महादेवानं त्रिशूळ जमिनीत मारला, पाणी निघालं. पाणी प्यायला ती वाकली तर त्यात तिला आपलं रूप दिसलं, म्हणून रूपकुंड. किती गोड गोष्ट आहे बघा. पण त्याच तळ्याची दुसरी गोष्ट अशी गोड नाही.

गाण्यात सांगतात की कनौजला जसधवल नावाचा राजा होता. त्याची राणी बल्लभा. पहाडी लोक तिला बालंपा म्हणतात. पुष्कळ ठिकाणी असंही सांगतात की ही राणी गढवालचीच लेक, म्हणजे नात्यानं नंदेची बहीणच. राजाच्या राज्यावर देवीचा कोप झाला, तेव्हा कोप निवारायला राजा जातीला निघाला. राजाच तो, त्याला थाटमाट पाहिजे. बरोबर नोकरचाकर घेतले, वाजंत्री घेतली, नाचणाऱ्या बायका घेतल्या. आणि राणी पोटुशी, दिवस भरत आलेले, तिलाही घेतलं. वर कुरणात राजानं नाच मांडला. देवी रागावली आणि नाचणाऱ्या बायका तिथल्या तिथे दगड झाल्या. त्या जागेला पातर नचौणी म्हणतात, आजही वाटेवर तेच नाव आहे. पुढे राणीला कळा लागल्या, ती बाळंत झाली. देवीच्या वाटेवर विटाळ झाला. मग देवीनं आभाळातून लोखंडासारख्या गारांचा मारा केला, आणि राजा, राणी, सगळा लवाजमा मरून रूपकुंडात पडला.

थाट मांडला राजानं, नाच मांडला राजानं. दिवस भरलेल्या बाईला बर्फात चालवत नेलं तेही राजानंच. आणि आळ कुणावर आला? नाचणारणींवर आणि बाळंतिणीवर.

हे ऐकताना मला आमच्याकडचीच गोष्ट आठवली. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुम्ही विसरला नसाल. मराठवाडा, विदर्भ, सगळीकडे उभा गहू आडवा झाला, द्राक्षं, मोसंबी गेली, गुरं मेली, माणसंही मेली. आमच्या गावात लिंबाएवढ्या गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी पारावर बसलेले एक जण म्हणाले, गावात कुणीतरी विटाळ पाळला नसणार. त्या महिन्यात बाळंत झालेली एकच पोरगी होती गावात. कुणी तिचं नाव घेतलं नाही, पण नाव घ्यायची गरजही नव्हती. तिची आई पुढे महिनाभर पाण्याला गेली ती अंधारातच. म्हणून सांगते, हे गाणं दूर डोंगरातलं असलं तरी आपल्याला परकं नाही.

आता हाडं काय म्हणतात ते ऐका.

२००४ साली एक तुकडी वर गेली आणि हाडांचे नमुने घेऊन आली. ह्या हाडांच्या तपासणीशी आपल्या पुण्याचा जवळचा संबंध आहे. डेक्कन कॉलेज म्हणून संस्था आहे, तिथे जुन्या हाडांचा अभ्यास होतो. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनएचं काम झालं. काही कवट्यांवर वरून गोल, जड वस्तू आदळल्यासारखे घाव होते. तलवारीचा वार असा नसतो, भाल्याचाही नसतो. तेव्हा अभ्यासकांनी मांडलं की ह्या क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा असाव्यात. झालं, सगळीकडे छापून आलं की गाणं खरं ठरलं. काळ निघाला सुमारे इसवी सन ८५०.

इथेच गोष्ट संपली असती. पण संशोधकांनी हाडं पुन्हा तपासली, अधिक बारकाईनं. २०१९ साली भारत, अमेरिका आणि जर्मनीतल्या संशोधकांनी मिळून त्याचा निकाल प्रसिद्ध केला. त्या यादीत पहिलं नाव एका बाईचं आहे, एडन हार्नी. आपल्या डेक्कन कॉलेजचे प्रमोद जोगळेकर आणि वीणा मुश्रीफ-त्रिपाठी ह्यांचीही नावं आहेत. त्यांनी ३८ माणसांच्या हाडांतला डीएनए वाचला.

आता हाडाचं वय कसं काढतात, ते थोडक्यात सांगते. जिवंत असताना आपण अन्नातून कार्बन घेतो. त्यातला एक प्रकार असा असतो की जीव गेल्यावर तो ठरलेल्या गतीनं कमी कमी होत जातो. किती उरला ते मोजलं की मरून किती वर्षं झाली ते कळतं. चुलीतल्या निखाऱ्यावरून आपण नाही का ओळखत, विस्तव केव्हाचा आहे ते, तसंच.

निकाल असा आला. ३८ पैकी २३ जण आपल्या भारतीय उपखंडातले. पण ते एका गावचे नव्हेत, एका जमातीचे नव्हेत, निरनिराळ्या भागांतले. आणि ते एका दिवशी मेलेले नाहीत! एकाचं वय निघालं सातव्या-आठव्या शतकातलं, तर दुसऱ्याचं नवव्याच्या अखेरीचं किंवा दहाव्यातलं. मधे शंभराहून जास्त वर्षांचं अंतर. उरलेल्यांपैकी १४ जण तर पार ग्रीस, क्रीट ह्या भूमध्य समुद्राकडच्या लोकांशी रक्ताचं नातं असलेले, आणि एक जण आग्नेय आशियाकडचा. हे पंधराही अलीकडचे, इसवी सन १८०० च्या आगेमागे मेलेले. म्हणजे पहिल्यांनंतर सुमारे हजार वर्षांनी. ती परकी माणसं तिथे कशाला गेली होती, ह्याचा उलगडा अजून कुणालाच झालेला नाही.

तेव्हा एक राजा, एक लवाजमा, एक रात्र, एक गारपीट हा हिशेब हाडांशी जुळत नाही. ३८ जणांत एकमेकांचं जवळचं नातलग कुणीच निघालं नाही. साथीच्या रोगाचे जंतू शोधले, तेही मिळाले नाहीत. गारांचं म्हणाल तर न भरलेले, दबून मोडल्याचे घाव तिघांच्या हाडांवर दिसले. त्या तिघांना गारांनीच मारलं असेल, मी नाही म्हणत नाही. गाणं रचणाऱ्यांनी गारपिटीची आठवण पिढ्यान् पिढ्या जपली, ह्याचं मला कौतुकच आहे. पण बाकीचे थंडीनं, थकव्यानं, वरच्या उतारावरून पाय घसरून, निरनिराळ्या वर्षी मेले असणार. तळं बशीसारखं खोलगट आहे. उतारावर पडलेलं सगळं हळूहळू खाली तिथेच येऊन साठतं.

हाडांवरून ती माणसं काय खात होती तेही कळतं. आपली ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई ही पिकं हवेतला कार्बन एका तऱ्हेनं घेतात, भात आणि गहू दुसऱ्या तऱ्हेनं. त्याची खूण खाणाऱ्याच्या हाडांत उतरते. त्या २३ जणांत काहींच्या अन्नात भरडधान्याचा वाटा बराच होता, काहींच्या फारच थोडा. वरच्या बर्फात एक भाकरी खाणारा आणि एक भात खाणारा, निरनिराळ्या गावचे, एकाच वाटेनं गेलेले. परदेशी १४ जणांच्या हाडांत मात्र भाकरीच्या धान्याची खूण जवळजवळ नाही.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आकडा. ३८ जणांत २३ पुरुष आणि १५ बायका. फौज नव्हती ती, हे त्यावरूनच दिसतं. लढाईची हत्यारं म्हणावीत अशी फारशी सापडली नाहीत. त्या भागातल्या देवळांत आठव्या ते दहाव्या शतकातले शिलालेख आहेत, म्हणजे यात्रेची वाट तेवढी जुनी असू शकते. संशोधकांचा अंदाज असा की उपखंडातल्या त्या माणसांतली काही तरी यात्रेकरू असावीत.

आता ह्याच्या शेजारी जातीचा जुना नियम ठेवा. वाण गावाच्या पुढे चामडं न्यायचं नाही, वाद्य वाजवायचं नाही, आणि बायकांनी जायचं नाही. बायकांनी लेकीला वाणपर्यंत पोचवायचं, रडायचं आणि मागे फिरायचं. का, तर राणीचं काय झालं ते माहीत आहे ना? असं ते गाणं त्या नियमाला राखणदार म्हणून उभं राहिलं. पण हाडं सांगतात की बायका तिथवर जात होत्या. हजार-बाराशे वर्षांपूर्वीसुद्धा, पाच हजार मीटर चढून, बांगड्या घातलेल्या हातांनी काठी टेकत. अलीकडच्या जातींत बायका पुन्हा वाणच्या पुढे गेल्या आहेत. देवी काही कोपली नाही.

एक गोष्ट मात्र मी गाण्याच्या बाजूनं सांगेन. हे गाणं नुसतं आळ घेणारं नाही. त्याच्या मागे-पुढे नंदेचं जे गाणं आहे, त्यात लेकीचं दुःख इतकं खरं आहे की ऐकणारीचं काळीज हलतं. एकाच परंपरेनं लेकीसाठी रडायलाही शिकवलं आणि बाळंतिणीला दोषही दिला. दोन्ही एकाच तोंडातून. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत, आपल्या कहाण्यांत असं सापडत नाही का? मला तर पुष्कळ ठिकाणी सापडतं.

तळ्याचं आज काय चाललंय म्हणाल, तर तिथे फिरायला जाणाऱ्यांनी फार नासधूस केली. कवट्या, हाडं, बांगड्या, वहाणा, आठवण म्हणून पिशवीत टाकून नेल्या. लोकांनी फोटोसाठी हाडं हलवून त्यांचे ढीग रचले. त्यामुळे कुठलं हाड मुळात कुठे पडलं होतं हे आता सांगता येत नाही, आणि अभ्यासाचं मोठं नुकसान झालं. खालच्या कुरणांवर तंबूंची गर्दी वाढली, कचरा साठला. मग २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करायला बंदी घातली. गवत वाचलं. पण ज्या गावांतले लोक वाटाड्याचं आणि घोड्यांचं काम करायचे, त्यांची कमाई बुडाली. हा प्रश्न सोपा नाही. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या बायकांना तो मी समजावून सांगायला नको.

हे सगळं मी आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा एक म्हातारी बाई, आयुष्यभर सुइणीचं काम केलेली, बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "त्या राणीला मोकळी केली कुणी? नाळ कुणी कापली?" मी म्हटलं, माझ्या वाचण्यात आलेल्या गोष्टीत ते नाही. राणी बाळंत झाली, विटाळ झाला, गारा पडल्या, एवढंच आहे. ती म्हणाली, "कुणीतरी बसली असेल की तिच्यापाशी. आडोसा धरला असेल. त्या थंडीत एकटीनं नाही होत ते."

रूपकुंडाच्या वाटेवर आजही एक जागा दाखवतात, तिला बालपा सुलेडा म्हणतात. राणी जिथे बाळंत झाली ती जागा. राजाच्या नावानं त्या वाटेवर काय आहे ते माझ्या कुठे वाचनात आलं नाही. राणीची जागा मात्र लोकांनी लक्षात ठेवली आहे.